रिकामी फेरी

१

फिटरचं इंजिन खेळण्यातलं म्हणावं तर खेळण्यातलं नव्हतं आणि खरं म्हणावं तर खरंही नव्हतं. उंचीला त्याच्या मांडीपर्यंत, लांबीला झोपलेल्या माणसाएवढं, आणि वजनाला असं की उचलायचा विचारही मनात आणू नये. पण पोटात खरा कोळसा, खरं पाणी आणि खरी वाफ. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा त्याने त्याचं पहिलं चाक कातलं आणि तिचं लग्न ठरलं त्या वर्षी शिट्टी वाजली. मधली सगळी वर्षं बायकोने गॅरेजमधली ठोकाठोक आणि तेलकट टॉवेल सोसले, आणि शेवटी वैतागून स्वतःच त्या गाडीची गार्ड झाली. कारखान्यात जन्म काढला म्हणून त्याला सगळे फिटर म्हणत. तिला छोट्या आगगाड्यांच्या क्लबातली मंडळी गार्डबाई म्हणायला लागली, आणि वरवर कितीही नाक मुरडलं तरी ते नाव तिला मनापासून आवडलं होतं.

दर रविवारी बागेतल्या गोल रुळांवर ही गाडी पोराबाळांना आणि त्यांच्या आईबापांना फिरवून आणायची. फिटर टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यावर, पाय फाकवून बसे. त्याच्या मागे बाकांचे डबे आणि सगळ्यात शेवटी गार्डचा बुटका डबा. त्या डब्यात एकच रेक्झिनची गादी, बायकोच्या मापाची. ती आपलं काम कडक करायची. गाडी फलाटाला लागली की "उतरा आता" म्हणायचं, सगळे उतरले की प्रत्येक बाकावर हात ठेवून बघायचं आणि मगच हिरवं निशाण. हात ठेवायची ही रीत क्लबची होती. पूर्वी कधीतरी एक पोर बाकावर आडवं होऊन झोपलं होतं आणि डब्याबरोबर शेडमध्ये कोंडलं गेलं होतं, तेव्हापासून नुसत्या डोळ्यांवर कोणी विसंबत नसे.

बागेचं फाटक बंद झालं की बाकांचे डबे क्लबच्या शेडमध्ये जात. उरलेली वाफ आणि विस्तव संपवायला फिटर मग आणखी एक फेरी मारायचा. इंजिन, टेंडर आणि गार्डचा डबा, बस्स. तिला सगळे रिकामी फेरी म्हणत. पण गार्डच्या डब्यात बायको असायची, आणि दिवसभर लोकांची ओझी वाहिल्यावर ही एक फेरी दोघांची असायची. ती झाली की फलाटाला न थांबता गाडी थेट बाजूच्या रुळावर जाई, तिथून ट्रेलरवर आणि ट्रेलरवरून घरी.

त्या रविवारी गर्दी उसळली होती आणि फिटरची पाठ धरली होती. त्याने मागे न बघताच विचारलं, "बसलीस का?" मागचा डबा दबला, डबे जोडणाऱ्या कपलिंगला ओळखीचा हिसका बसला. बायको अंगाने भरलेली, ती बसली की टेंडरवर बसलेल्यालाही कळायचं. त्यावरून तो तिला उभा जन्म चिडवत आला होता. "नीट बस," तो म्हणाला, आणि त्याने शिट्टी देऊन वाफ सोडली.

झाडांमागच्या चढावर इंजिन धापा टाकायला लागलं. आज हिने दुपारी बरंच चापलेलं दिसतंय, असं काहीतरी तो बोललाही. मागून उत्तर आलं नाही, पण दमली असेल, एवढंच त्याच्या मनात आलं. वळण संपलं, गाडी उघड्यावर आली आणि समोर फलाटावर बायको उभी दिसली. काखेत दोन्ही निशाणं, कमरेवर हात. नळावर हात धुवायला काय गेले, मला टाकून निघालात, असं ती लांबूनच सुनावत होती.

फिटरने मागे वळून पाहिलं. गादी रिकामी होती. पण रिकाम्या फेरीला फलाटाला थांबायचं नसतं, म्हणून सवयीने हात चालत राहिला आणि गाडी बाजूच्या रुळावर गेली.

२

गाडी ट्रेलरवर चढवायची पद्धत ठरलेली होती. ट्रेलरच्या तळाला रूळ बसवलेले, मागे तसाच रुळांचा उतरता तुकडा जोडायचा, आणि हाताने फिरवायच्या चरखीवर तारेचा दोर गुंडाळत इंजिन इंच इंच वर घ्यायचं. मग टेंडर. गार्डच्या डब्याला एवढं कौतुक नसे. तो नवराबायको दोन टोकांना धरून उचलून ठेवत.

त्या दिवशी डबा हलेना. बायको म्हणाली, तुमचं वय झालंय. फिटरने दात आवळून पुन्हा जोर लावला, तेव्हा त्याचं टोक जेमतेम रुळावरून सुटलं आणि पुन्हा खाली आलं. क्लबचा चिटणीस शेडला कुलूप लावून निघाला होता, तो हात लावायला आला, आणि त्यानेही हात टेकले. दगड भरलेत की काय, असं त्याने विचारलं, आणि गंमत म्हणून डब्यात वाकूनही पाहिलं. शेवटी डबाही चरखीनेच ओढला. तारेचा दोर इंजिनाला ताणला जातो तसा ताणला गेला. पट्टे आवळताना फिटरला दिसलं की ट्रेलरची मागची बाजू, जिथे डबा होता तिथेच, खाली बसली आहे.

घरी येईपर्यंत त्याने मनाची समजूत घातली होती. चाकाचं बेअरिंग जाम झालं असणार. चढावर इंजिन दमलं ते त्यामुळेच, आणि हिसक्याचं म्हणाल तर दमलेल्या माणसाला वीस गोष्टींचे हिसके बसतात. गॅरेजमध्ये त्याने डब्याखाली जॅक लावला आणि चारही चाकं बोटाने फिरवून पाहिली. चाकं लोण्यासारखी फिरली. त्याने जॅक काढला आणि डबा पुन्हा खाली बसला, तेव्हा स्प्रिंगा पार मिटल्या.

गॅरेजचा दिवा घालवताना त्याचं लक्ष गादीकडे गेलं. रेक्झिनला मधोमध खळगा पडला होता. गादी वर्षानुवर्षं वापरातली, खळगा पडायचाच. तरी त्याने हात ठेवून पाहिलं. गादी कोमट लागली. बॉयलरची धग पोचली असेल, असं तो स्वतःशी मोठ्याने म्हणाला आणि दार ओढून घेतलं. धग लागायला बॉयलर डब्यापासून फार लांब होता, हे त्याला ठाऊक होतं.

३

सुरुवातीला बायको खूश झाली. ब्लाउज सैल होऊ लागले, अंगठी बोटात फिरू लागली. पथ्याचा गुण आला, असं ती मुलीला फोनवर सांगत होती. मुलगी पलीकडून म्हणाली, आई, जरा मोठ्याने बोल ना, लांबून बोलल्यासारखी वाटतेस. बायको मोठ्याने बोलली. तरी मुलीला ऐकू जाईना, तेव्हा तिने फोन बाबांकडे द्यायला सांगितलं आणि त्यांना विचारलं की आईचा घसा बसलाय का.

फिटरच्या मनात तेव्हा पाल चुकचुकली. तो बायकोकडे लक्ष देऊन पाहू लागला. वरच्या मजल्याच्या जिन्यात एक पायरी सैल होती, वर्षानुवर्षं ती बायकोच्या पायाखाली करकरायची आणि करकरली की बायको त्याला ती ठोकायची आठवण करून द्यायची. आता ती जाते-येते आणि पायरी गप्प. त्याने स्वतः पाय दिला. पायरी करकरली. सकाळी उठल्यावर पलंगाची तिची बाजू कोणी निजलंच नव्हतं अशी सपाट असे. ती मात्र पूर्वीसारखीच दिसायची. थोडी उतरलेली, इतकंच. तेच केस, तेच बोलणं, तीच टोमणे मारायची खोड.

तो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. मोटारीत शेजारच्या जागेवर माणूस बसलं आणि पट्टा लावला नाही की गाडी टुणटुण करून जीव खाते. बायकोला पट्ट्याचा तिटकारा, त्यामुळे ती टुणटुण हा त्यांच्या संसाराचाच एक भाग होता. त्या सकाळी ती बसली, तिने दार ओढलं, पट्टा लावला नाही आणि गाडी निघाली. टुणटुण झाली नाही. बायको म्हणाली, चला, बरं झालं, बिघडलं एकदाचं. फिटरने पुढच्या चौकात आपली हत्यारांची पिशवी उचलून तिच्या मांडीवर ठेवली. गाडी लगेच ओरडायला लागली. त्याने पिशवी परत घेतली. गाडी गप्प झाली. 

डॉक्टरने तपासलं, रक्त घेतलं, वजनकाट्यावर उभं केलं. काटा बिघडलाय वाटतं, असं म्हणून त्याने तो भिंतीशी सरकवून ठेवला आणि टॉनिक लिहून दिलं.

त्या दुपारी फिटर गॅरेजमध्ये गेला. डब्याखालच्या फरशीला तडा गेला होता. गादीचा खळगा आता खोल होता, आणि तो कुणाचा आहे हे त्याला कुणी सांगायला नको होतं. डावीकडे जरा जास्त, उजवीकडे कमी. गुडघा दुखायला लागल्यापासून बायको डाव्या अंगावर भार देऊन बसायची.

४

तो ढसाढसा रडला असता, पण ती दारात उभी होती. कधी आली ते त्याला कळलंच नव्हतं. त्याने तिला सगळं सांगून टाकलं, हिसका, चढावरच्या धापा, तारेचा दोर, सगळं. सांगताना तो मध्येच थांबून म्हणायचा की हे काही खरं नसेल, माझं डोकं फिरलं असेल. ती ऐकून घेत होती. गादीकडे तिने एकदाच पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"मला भीती वाटतेय हो," ती म्हणाली. आवाज असा बारीक की तिच्या ओठांकडे बघून त्याला शब्द कळले.

मग तिनेच विचार करायला सुरुवात केली, कारण गार्डचं डोकं तिचं होतं. ती म्हणाली, तुम्ही बस म्हणालात, आणि जे काय होतं ते बसलं. पुढे त्याला उतरा कोणी म्हटलंच नाही. आपण तशीच गाडी बांधली आणि घरी आणली. फिटरला हे पटलं असं नाही. पण त्याच्याकडे दुसरा उपायही नव्हता. बिघाड झाला की जिथे झाला तिथवर मागे जायचं आणि काम पहिल्यापासून नीट करायचं, एवढं एकच तो जन्मभर शिकला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने चिटणिसाकडून बागेची किल्ली घेतली. नवीन बेअरिंग तपासायचंय, असं सांगितलं. चिटणीस म्हणाला, आधी तो दगड काढा डब्यातला. फिटर हसल्यासारखं हसला.

ट्रेलर भरायला सबंध सकाळ गेली. बायकोला घरी ठेवावं असं त्याच्या फार मनात होतं, पण तिला एकटं सोडून जायची छाती होईना. शिवाय उतरा म्हणायचा मान गार्डचा. ड्रायव्हरने तोंड घालायचं नसतं. गाडीत ती शेजारी बसली आणि वाटभर फिटर दर वळणावर हात आडवा धरून तिला सांभाळत गेला. उघड्या काचेतून येणाऱ्या वाऱ्याने ती सीटवरून सरकत होती.

५

भर दुपार होती. बाग मोकळी, झाडांची पानं जागच्या जागी. फिटरने विस्तव पेटवला, काचेच्या नळीत पाणी पाहिलं, चाकांना तेल दिलं. एकच फेरी मारायची म्हणून त्याने कोळसाही बेताचाच आणला होता. वाफेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा चढायला लागला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसला. रोजचं काम हाताला लागलं तसा त्याला धीर आला.

बायको फलाटावर उभी राहिली. फलाट लाकडी फळ्यांचा, माणूस चाललं की वाजणारा. ती चालत गेली तेव्हा तो वाजला नाही. फिटरने तिकडे दुर्लक्ष केलं.

टेंडरवर बसून त्याने मागे न बघता वाफ सोडली. गाडी जागची सुटली तीच मुळी कण्हत. चढावर इंजिन असं धापा टाकू लागलं की धुराड्यातून ठिणग्या उडाल्या, आणि एका जागी तर चाकं नुसती घसरायला लागली. फिटर पुढे वाकून, दात आवळून, वाफेचा रेग्युलेटर धरून बसला होता. मागून श्वासाचा आवाज येत होता. सावकाश, पोटभर जेवलेल्या माणसाचा असतो तसा. मागे बघायचं नाही, असं त्याने स्वतःला बजावलं होतं, आणि त्याने पाहिलं नाही.

वळण संपलं. फलाटावर बायको लाल निशाण धरून उभी होती. त्याने ब्रेक लावला. गाडी थांबली तेव्हा गार्डचा डबा बरोबर तिच्यासमोर होता.

"उतरा आता," ती म्हणाली. तिचा आवाज त्याला ऐकू आला, कारण एरवी कसलाच आवाज नव्हता.

काही झालं नाही. फिटर समोर धुराड्याकडे बघत राहिला. तिने पुन्हा एकदा सांगितलं. मग, जागा मोकळी झाली की नाही बघायला, रीतीप्रमाणे तिने वाकून गादीवर हात ठेवला असणार, कारण तिच्या बांगड्या वाजल्याचं त्याने ऐकलं.

कपलिंग सैल पडलं. डबा वर आला, स्प्रिंगा उघडल्या. टेंडरखालचा सगळा ताण एकदम सुटला आणि त्याबरोबर फिटरच्या छातीतलाही. त्याचा जीव भांड्यात पडला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

फलाटाच्या फळ्या करकरल्या. एक पाऊल, मग दुसरं. डाव्या पायावर जास्त भार. त्याने मान वळवली. फलाटावर बायको उभी होती, पहिल्यासारखी भरलेली, गालांवर रंग आलेला, ब्लाउज दंडाला घट्ट बसलेला. वजन पेलताना फळ्या तिच्या पायाखाली वाकल्या होत्या. फिटरला इतका आनंद झाला की त्याला हसावं की रडावं कळेना.

"उतरले हो मी," ती म्हणाली. आवाज ठणठणीत होता. "चला, आता गाडी भरू आणि घरी जाऊ."

फिटर हो म्हणणार होता. त्याचं तोंड उघडलंही होतं. मग त्याच्या लक्षात आलं की बायको मघापासून फलाटावरच होती. ती कशावरून उतरेल?

बाई त्याच्याकडे बघून हसत होती. बायकोचंच हसू, पण ते एकदा आलं की जागचं हलत नव्हतं.

तेवढ्यात मागून त्याचा सदरा ओढला गेला. धागा अडकावा इतकाच. टेंडरच्या मागे, गार्डच्या डब्यातून, कुणीतरी कानाशी कुजबुजावं असा आवाज आला.

"अहो, तिला घरी नेऊ नका."

फिटरने मागे हात केला. बोटांना बोटं लागली. वाळलेल्या पानाइतकी हलकी, पण अंगठी होती आणि ती बोटात सैल फिरत होती. त्याने ती घट्ट धरली, आणि धरताना जपून धरली, कारण चुरगळतील असं वाटत होतं.

"थांबू नका," मागचा आवाज म्हणाला.

त्याने रेग्युलेटर ओढला. इंजिन उसळून पळालं. मागे काही जोडलेलंच नाही असं ते चढावर धावलं, आणि फिटर डाव्या हाताने मागची बोटं धरून, उजव्याने गाडी चालवत, झाडांतून पार झाला. अगं आहेस ना, असं तो विचारत होता. दर वेळी हो ऐकू यायचं, किंवा त्याला तसं वाटायचं. मागे वळून बघायची त्याची हिंमत होत नव्हती. गादीवर काय दिसेल याची त्याला जेवढी भीती वाटत होती, त्याहून काहीच दिसलं नाही तर याची जास्त वाटत होती.

वळण संपलं. फलाटावरच्या बाईने लाल निशाण दाखवलं. तो न थांबता समोरून गेला. पुढच्या फेरीला तिने पुन्हा दाखवलं, आणि तो पुन्हा गेला. त्याच्या पुढच्या फेरीला तिने निशाण गुंडाळून काखेत मारलं होतं आणि ती फळीवर बसली होती, पाय सोडून, तोंड रुळांकडे करून. घाई नसलेलं माणूस बसतं तशी. गाडी जवळून गेली तेव्हा तिने त्याला विचारलं की कंटाळला नाहीत का.

वाफेच्या घड्याळाचा काटा उतरायला लागला होता. फिटरने मागची बोटं न सोडता सदऱ्याचं टोक त्यांच्या हाती दिलं, घट्ट धर म्हणून सांगितलं, आणि कोळशासाठी टेंडरमध्ये हात घातला. मूठभर कोळसा हाताला लागला, आणि त्याच्या खाली टेंडरच्या तळाचा पत्रा लागला.